भिंतीबाहेरची वही

कागद टाइप होऊन तयार होता. चर्चचा गोल शिक्काही त्यावर उमटला होता. राहिली होती ती फक्त सही, आणि ती कोला टीचरचीच लागणार होती.

"दोन मिनिटांचं काम आहे, टीचर," फादर इनास म्हणाले आणि त्यांनी टोपण काढून पेन पुढे केलं.

टीचरनी पेन घेतलं नाही. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि कागद वाचला. 'सेंट आंतोनी चर्च, रेवळी, येथील नोंदी तपासल्या असता, सिमितेरीच्या दक्षिण भिंतीबाहेरील जागेत आजवर एकही दफन झाल्याचे आढळत नाही.' सिमितेर म्हणजे चर्चची दफनभूमी. तिच्या दक्षिण भिंतीला लागून रस्त्यापर्यंत जो पडीक तुकडा होता, तिथे चर्चच्या दीडशेव्या वर्षानिमित्त हॉल बांधायचं ठरलं होतं.

"तपासल्या कुणी?" टीचरनी विचारलं.

"तुम्ही. म्हणजे… तुम्हीच तपासता ना नेहमी."

"मी अजून तपासलेल्या नाहीत."

"टीचर, तिथे काही नाही. गवत आहे आणि निवडुंग आहे."

"मग तपासायला भीती कसली? सोमवारी सांगते," असं म्हणून त्यांनी कागद फादरच्या टेबलावर, पेपरवेटखाली, नीट ठेवून दिला.

कोला टीचरचं खरं नाव स्कोलास्तिका लोबो. कर्ली खाडीच्या पलीकडच्या या रेवळी गावात ते नाव पूर्ण उच्चारणारा आता कोणी उरला नव्हता. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेलं, लग्न केलं नाही, वय सहासष्ट. शाळेतून निवृत्त झाल्या त्याच वर्षी तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरनी त्यांना बोलावून एक पत्र दिलं होतं : चर्चच्या नोंदी राखायच्या आणि चर्चचा इतिहास लिहायचा. टीचरनी ते पत्र घरी नेऊन फ्रेम वगैरे केलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्या चर्चच्या मागच्या खोलीत हजर होत्या.

तिथल्या लाकडी कपाटात तीन जाड वह्या होत्या. बाप्तिस्म्याची, लग्नाची, मरणाची. आखातात नोकरीला जाणारी मुलं दाखल्यासाठी यायची, कुणाच्या पासपोर्टवर आजोबांचं नाव चुकलेलं असायचं, कुणाला लग्नाची तारीख हवी असायची. टीचर वही काढत, बोट फिरवत, उतारा लिहून देत. शिवाय वर्षभरात गावच्या चर्चमध्ये जे घडलं ते इतिवृत्ताच्या वहीत लिहीत. त्या वहीची पानं आकडे घातलेली होती. पान फाडायचं नाही, खोडरबर लावायचा नाही. चूक झाली तर एक रेघ मारून खाली सही करायची. हे नियम टीचरनी केलेले नव्हते, पण पाळायला त्यांच्यासारखं माणूस त्या वह्यांना आधी मिळालं नव्हतं.

कपाटात नोंदींची आणखी एक, चौथी वही होती. पातळ, पाठीवर नाव नसलेली. तीन वर्षांपूर्वी खालच्या कप्प्यात वाळवी लागली म्हणून सगळं बाहेर काढलं तेव्हा ती टीचरच्या हाती आली. सुरुवातीची पानं पोर्तुगीजमध्ये होती. टीचरनी गोव्याहून जुना शब्दकोश मागवला होता आणि एकेक अक्षर लावत थोडीफार वाचलीही होती. आता त्या शनिवारी दार लावून बसल्या आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती वही त्यांनी वाचून काढली.

पहिली नोंद १८८१ची होती, शेवटची १९६८ची. पुढची पानं कोरी. प्रत्येक नोंदीच्या समासात एकच शेरा होता, आधी पोर्तुगीजमध्ये आणि मग मराठीत : 'दक्षिण भिंतीबाहेर.'

विहिरीत उडी घेतलेली एक बाई. झाडाला लटकलेला एक सुतार. चर्च सोडून दुसरीकडे लग्न केलेला, पण मरताना गावात आणलेला एक इसम. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेले तीन खलाशी, नावं माहीत नाहीत, एकाच्या दंडावर गोंदण. आणि मुलं. बाप्तिस्मा व्हायच्या आधीच गेलेली मुलं. तेव्हाच्या नियमाने या कुणालाच आशीर्वाद दिलेल्या जमिनीत जागा नव्हती. टीचरनी मोजलं. सत्तावन्न. त्यातली तेहेतीस मुलं.

हे लिहायला त्या पाद्रींना कुणी सांगितलं नव्हतं. नियमाप्रमाणे तर लिहायचंच नव्हतं. पण एकामागून एक आलेल्या नऊ पाद्रींनी ती वही चालवली होती. भिंतीच्या आत घेता आलं नाही, म्हणून निदान वहीच्या आत घेतलं होतं. टीचर बराच वेळ ती मिटून मांडीवर घेऊन बसल्या. मग शाळेतल्यासारखी एक दोनशे पानी वही काढून त्यांनी सत्तावन्नही नोंदी आपल्या अक्षरात उतरवून घेतल्या. एका नोंदीपाशी त्यांचा हात थांबला. ती त्यांनी दोनदा वाचली, आणि मग तीही उतरवली.

सोमवारी त्या फादरना म्हणाल्या, "मला सही करता यायची नाही."

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर समितीची बैठक फादरच्या बंगल्याच्या ओसरीवर भरली. अध्यक्ष होता बेनित रॉड्रिक्स. मालवणात त्याच्या पर्यटकांना फिरवणाऱ्या चार होड्या होत्या आणि रेवळीत समुद्राकडे तोंड केलेलं हॉटेल. चौथीत असताना तो टीचरच्याच वर्गात होता. माणूस वाईट नव्हता. गावात कुणी आजारी पडलं तर आधी त्याचीच गाडी निघायची. पण एकदा मनात धरलं की धरलं.

"टीचर," तो म्हणाला, "हॉल माझ्या घराक नाय बांधनत. लगीन आसला की लोकांका मालवणाक धावचा लागता. पंचायतीत ती दीपिका मॅडम बसलीहा दाखलो मागीत. एक दाखलो! त्येच्यासाठी सगळा अडलाहा."

दाखला मागायलाही कारण होतं. त्या तुकड्याच्या शेजारी महादू परबाचं शेत होतं. ग्रामसभेत हॉलचा विषय निघाला तेव्हा म्हातारा उठून सहज म्हणाला होता, "थंय माणसां पुरलली आसत, माझो बापूस सांगी." ग्रामसेविका दीपिका नवीन होती आणि नियमाने चालणारी होती. तिने लगेच चर्चकडून लेखी मागितलं.

"बेनित, दाखला मी देते," टीचर म्हणाल्या. "सत्तावन्न माणसं पुरलेली आहेत असा. तो हवा असेल तर आत्ता लिहून देते."

ओसरीवर कुजबुज झाली. टीचरनी वहीत काय आहे ते थोडक्यात सांगितलं. नावं मात्र घेतली नाहीत.

"पण टीचर," बेनित हात पसरून म्हणाला, "ती काय आमची माणसां? आमची नाय म्हणानच भायर पुरल्यानी मां!"

"आपली नव्हती तर लिहून कशाला ठेवली?"

"शंभर वर्सां झाली. हाडां पण ऱ्हवली नसतील."

"तुझ्या आज्याची उरलीत? त्याच्यावर बांध ना हॉल."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. बेनितचा चेहरा लाल झाला. "थंय आमी क्रिकेट खेळलंव, टीचर. ल्हानपणापासून. कोणी काय बोलाक नाय. आता तुमकाच पुळको इलो? त्यो सत्तावन्न ओळी वाचता कोण?"

"मी वाचते," टीचर म्हणाल्या. "तेवढंच काम आहे माझं."

बैठक तिथेच उठली. लोक पायऱ्या उतरून गेल्यावर फादर इनासनी टीचरना थांबवून घेतलं. आरोंद्याचा हा पोरगेला पाद्री चौतिशीचा होता, रेवळीत येऊन त्याला जेमतेम दीड वर्ष झालेलं. आवाज खाली करून तो म्हणाला, "टीचर, 'दफन नाही' असं नका लिहू. पटतंय मला. 'जुन्या नोंदी जीर्ण झाल्यामुळे वाचता येत नाहीत' एवढंच लिहा. खोटं नाही होणार. वाळवी तर लागलीच होती."

"फादर, मला वाचता येतात."

"टीचर, समजून घ्या. हॉल झाला नाही तर समिती फुटेल. अर्धं गाव बेनितच्या बाजूला आहे."

"मी बाजू नाही सांगत. वहीत आहे ते सांगतेय." त्या पायऱ्या उतरू लागल्या आणि मध्येच वळल्या. "आणि आता तर नियमही बदललाय. आज एखादं मूल असं गेलं तर तुम्ही स्वतः त्याला भिंतीच्या आत पुराल. मग तेव्हाच्यांवर सिमेंट ओतायला तुमचा हात कसा उठेल?"



त्याच दुपारी टीचरनी इतिवृत्ताची वही काढली आणि झालेली बैठक जशीच्या तशी लिहिली. कोण काय म्हणालं, फादरनी मागाहून काय सुचवलं, आपण काय उत्तर दिलं. स्वतःचं आज्यावरचं बोलणंही त्यांनी गाळलं नाही. पान नंबर दोनशे बारा.

ते पान फादरनी चार दिवसांनी वाचलं आणि बेनितला सांगितलं. बेनित तडक मागच्या खोलीत आला.

"ह्या पान काढून टाका."

"पानांवर आकडे आहेत रे. दोनशे अकरानंतर दोनशे तेरा आलं की शंभर वर्षांनी येणारा माणूस पहिलं हेच विचारील, की मधल्या पानावर काय होतं."

"टीचर, तुमका शेवटचा सांगतंय."

"मीही."

आठवड्याभराने पत्र आलं. समितीच्या ठरावानुसार नोंदींचं काम पुढील सूचनेपर्यंत फादर स्वतः पाहतील. श्रीमती लोबो यांनी कपाटाची चावी जमा करावी. टीचरनी चावी नेऊन दिली. पण आधी इतिवृत्तासकट पाचही वह्यांची यादी केली, कुठल्या वहीत किती पानं आहेत ते लिहिलं आणि फादरची त्यावर पोच घेतली. फादरनी सही करताना वर पाहिलं नाही.

"आता दाखल्यावर तुम्ही सही करणार?" टीचरनी विचारलं.

"पंचायतीला नोव्हेंबरपर्यंत मुदत मागितली आहे," फादर म्हणाले. ते काही धड उत्तर नव्हतं.

घरी आल्यावर टीचर दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. शेजारची सावित्री डाळीची वाटी घेऊन आली तेव्हा "ठेव गो" एवढंच म्हणाल्या. आठ वर्षं सकाळी आठ वाजता त्यांचे पाय आपोआप चर्चकडे वळत होते. आता सकाळ लांबलचक वाटायला लागली. त्यांना राग येत होता, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटत होती. फादर कच्चा माणूस होता. एक ना एक दिवस तो सही करून टाकणार आणि जेसीबी येणार.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं. दोन नोव्हेंबर, मृतांचा दिवस, जवळ येत होता. त्या दिवशी अख्खं गाव सिमितेरीत जमतं. आठवडाभर आधी थडगी साफ करून चुना फासतात, गोंड्याचे हार आणतात, मेणबत्त्या लावतात आणि फादर प्रत्येक थडग्यावर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. त्या दिवशी आपण दक्षिण भिंतीबाहेर उभं राहायचं आणि सत्तावन्न नोंदी मोठ्याने वाचायच्या. चावी काढून घेतली, पण वाचता येणं कोण काढून घेणार?

पण एका घरी आधी जायला हवं होतं.

बेनित होड्यांवर गेलेला असणार अशी वेळ साधून त्या सकाळी दहाच्या सुमारास त्याच्या घरी गेल्या. बेनितची आई एस्पेरांस माय पडवीत बसून सुकी सुंगटं, म्हणजे सुकवलेली कोळंबी, निवडत होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, पाठीत वाकलेली, पण नजर शाबूत. तिला सगळं माहीत असणार असं टीचरना वाटलं होतं, पण बेनितने घरात काही सांगितलेलं नव्हतं.

"माय, एक विचारूचा आसा," टीचर तिच्याजवळ खाली बसल्या. घरातल्या माणसाशी बोलताना शाळेची मराठी त्यांच्या तोंडून गळून पडे. "एकसष्ट सालातला."

एस्पेरांसचा हात सुपात थांबला.

"चर्चमदी एक जुनी वही गावली. थंय तुमचा नाव आसा."

म्हातारीने सूप जरा बाजूला सारलं. मग समोर माडांकडे बघत म्हणाली, "जुलैत. पाच पोरां माझी मागसून झाली. ता पयला. माका दोन दीस शुद्ध नाय होती. उठलंय तर पाळणो नाय, काय नाय. सासूक विचारलंय, खंय न्हेलात? ती म्हणाली, इसर. घोवाक विचारलंय, तो उठान भायर गेलो. परत कधी विचारूक नाय." तिने एक सुंगट उचललं आणि तसंच हातात धरलं. "चेडो होतो काय चेडू, ता पण माका कोणी सांगाक नाय."

टीचरनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. त्यांना खरं तर न बघताही ती ओळ पाठ होती, पण त्यांनी पान उघडून, ओळीवर बोट ठेवून वाचलं. "चौदा जुलै एकोणीसशे एकसष्ट. मुलगी. जन्मतःच मृत. आई एस्पेरांस, बाप फ्रान्सिस्क रॉड्रिक्स. दक्षिण भिंतीबाहेर."

"मुलगी म्हणान लिवलाहा?"

"होय, माय. चेडू होता."

एस्पेरांसने वही हातात घेतली. तिला वाचता येत नव्हतं. तिने टीचरचं बोट जिथे होतं तिथे आपलं बोट ठेवलं आणि ते ओळीवरून सावकाश पुढे नेलं.

"चेडू," ती म्हणाली. "माका वाटायचाच."

मग टीचरनी मुद्द्याला हात घातला. हॉलचं सांगितलं, आपण काय करणार ते सांगितलं. "तुमची नोंद वाचू की नको, ता तुमी सांगा. नको म्हणशात तर छप्पन वाचीन. बेनितच्या कानार ह्या पयल्यांदा असा सगळ्यांसमोर पडाचा, ता माका बरा दिसना नाय. तेका तुमी आदी सांगा."

"तेका मी सांगतलंय," म्हातारी म्हणाली. "तू वाच. मोठ्यान वाच. माझा नाव पण वाच, घोवाचा पण वाच. त्येनी इसर म्हटल्यानी म्हणान मी इसारलंय थोडीच!"

दोन नोव्हेंबरला दुपारी चारला सिमितेर भरली. मुंबई-गोव्याला असलेली माणसंही त्या दिवसासाठी आली होती. फादर इनास वेदीजवळ प्रार्थना म्हणत होते. ती संपून ते पाण्याचं भांडं घेऊन पहिल्या थडग्याकडे वळले, तेवढ्यात दक्षिण भिंतीपलीकडून आवाज आला. छत्तीस वर्षं मागच्या बाकापर्यंत पोहोचलेला आवाज. त्याला माइक लागत नव्हता.

"सन अठराशे एक्याऐंशी. फेब्रुवारी. कातारिना, विहिरीत मृत. दक्षिण भिंतीबाहेर."

माणसं थांबली. भिंत छातीइतकी उंच. तिच्यापलीकडे गुडघाभर गवतात कोला टीचर एकट्या उभ्या होत्या, हातात वही. त्यांच्या मागच्या बाजूला, आपल्या बांधावर, महादू परब टोपी काढून उभा राहिला होता.

"सन अठराशे त्र्याऐंशी. मूल, मुलगा, एक दिवसाचा. आई नातालिन. दक्षिण भिंतीबाहेर."

चौथी-पाचवी नोंद झाली आणि बेनित भिंतीजवळ आला. "टीचर, पुरे," तो दबल्या आवाजात म्हणाला. "आज मेलल्यांचो दीस आसा. तमाशो नको."

"मेलेल्यांचंच वाचतेय," टीचर म्हणाल्या आणि पान उलटलं.

"फादरची परवानगी घेतल्यात? ह्यो चर्चच्यो नोंदी आसत."

"नोंदी चर्चच्या आहेत. नावं या माणसांची आहेत. सन एकोणीसशे दोन. अनोळखी खलाशी, दंडावर गोंदण. दक्षिण भिंतीबाहेर."

बेनितने मागे वळून फादरकडे पाहिलं. फादर पाण्याचं भांडं हातात धरून तसेच उभे होते. ते 'थांबा' म्हणाले नाहीत आणि 'वाचा'ही म्हणाले नाहीत. बेनित कुणाला तरी स्पीकरवर गाणं लाव म्हणाला. जो मुलगा स्पीकरपाशी होता त्याचं आडनाव आताच वाचून झालं होतं. तो जागचा हलला नाही.

मग गर्दीत वाट होऊ लागली. काठी टेकत एस्पेरांस माय येत होती. तिने भिंतीपर्यंत यायलाच किती वेळ घेतला. भिंतीला तिथे दार नव्हतं. बाहेर जायचं तर मुख्य फाटकातून निघून अख्खा वळसा घ्यावा लागणार होता.

"आई, खंय जातंस?" बेनितने तिचा दंड धरला. "खाली बस."

"सोड." ती म्हणाली. "तुका काल रात्री सांगलंय. तू ऐकून घेतलंस आणि निजलंस. आता सोड माका."

त्याने हात सोडला. म्हातारी फाटकाकडे चालू लागली. तिच्यामागून तिची सून निघाली, मग नातालिनच्या घरातली दोन माणसं, मग आणखी काही. सगळे निघाले नाहीत. निम्म्याहून जास्त लोक आपापल्या थडग्यांपाशीच उभे राहिले, काही तोंड फिरवून. टीचरनी त्यांच्यासाठी आवाज वाढवला नाही आणि कमीही केला नाही. म्हातारी वळसा घालून गवतात येईपर्यंत मात्र त्यांनी त्रेचाळिसावी नोंद दोनदा वाचली. मग एस्पेरांस शेजारी येऊन उभी राहिल्यावर एकसष्ट सालाशी पोहोचल्या.

"चौदा जुलै एकोणीसशे एकसष्ट. मुलगी. आई एस्पेरांस…"

"हंय आसा मी," एस्पेरांस म्हणाली. शाळेत हजेरी द्यावी तसं. कुणी हसलं नाही.

सत्तावन्नावी नोंद झाली तेव्हा ऊन माडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. टीचरनी वही मिटली. गवतात एव्हाना तीसेक माणसं होती. फादर इनास त्या दिवशी भिंतीबाहेर आले नाहीत. त्यांनी आतल्या थडग्यांवर पाणी शिंपडलं आणि डोकं खाली घालून बंगल्यात गेले.

पण सही त्यांनी केली नाही. पंधरवड्याने ते स्वतः पंचायतीत गेले आणि हॉलचा अर्ज मागे घेऊन आले. दीपिकाने कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "जागा मोकळी नाही." हॉल आता चर्चच्या पलीकडच्या अंगाला, लहान आकाराचा, व्हायचा आहे. समिती खरंच फुटली. दोन कुटुंबं अजूनही टीचरशी बोलत नाहीत.

डिसेंबरात फादर टीचरच्या घरी आले. चहा घेतला. मग म्हणाले, समिती तुम्हाला परत घ्यायला तयार आहे. परवानगीशिवाय नोंदी जाहीर वाचल्या याबद्दल दोन ओळींची माफी लिहून द्या, मी चावी परत देतो.

"एखादी नोंद मी चुकीची वाचली असेल तर दाखवा," टीचर म्हणाल्या. "तेवढ्यापुरती माफी आत्ता लिहून देते."

"चुकीची नाही वाचली."

"मग चावी तुमच्याकडेच राहू दे. वाळवीकडे लक्ष ठेवा. खालचा कप्पा पावसाळ्याआधी रिकामा करून पुसायचा असतो." त्यांना रडू आलं होतं, पण ते फादर गेल्यावर.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी बेनित आला. दोन महिने टीचर समोर दिसल्या की तो रस्ता बदलत होता. आज चप्पल बाहेर काढून तो पायरीवरच बसला, आत आला नाही.

"आई रोज थंय जाता," तो म्हणाला. "काठी घेवन. गवतात नुसती फिरता. खंय आसा म्हणान विचारता. टीचर, नेमकी जागा सांगा. मी थंय एक खुरीस घालतंय. बारीकसो, दगडाचो."

"क्रूस घालशील रे, पण वहीत नेमकी जागा नाही. 'भिंतीबाहेर' एवढंच आहे. कुणाचीच जागा लिहिलेली नाही."

"खंयची तरी सांगा. थंयच्या चिंचेखाली सांगा. आईक समाधान होयत. तुमच्या शब्दार ती इस्वास ठेयत. एवढ्या वयाच्या बाईक कोण तपासूक सांगता?"

 म्हातारीचं बोट त्या ओळीवरून कसं फिरलं होतं ते टीचरना दिसत होतं. एक शब्द बोलायचा होता, चिंचेखाली. कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

"नाय, बेनित," त्या म्हणाल्या. "जा लिवलला नाय, ता मी सांगूचंय नाय. तुका नाय आणि तुझ्या आवशीक पण नाय."

"दगडाचा काळीज तुमचा," तो उठत म्हणाला.

"आसात. पण तिका एकदा फसवल्यानी. परत कोणी फसवूचा नाय."

तो चपला पायात घालता घालता थांबला.  मग न वळताच म्हणाला, "मगे सगळोच तुकडो साफ करूक व्हयो. खंय पाय पडता ता कळाचा नाय तर."

"ता तुझा तू बघ," टीचर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावित्री सांगत आली की बेनित दोन कोयते आणि स्वतःची चार माणसं घेऊन भिंतीबाहेर निवडुंग तोडतोय, आणि म्हातारी भिंतीजवळ खुर्ची टाकून बसलीय, नि हळू हळू म्हणून सगळ्यांना ओरडतेय.